एकवीस तारखेचा पाऊस

२४ ऑक्टोबर

वहिनी, नमस्कार.

एकवीस तारीख पार पडली. यंदाही पाऊस झाला, अकरा पूर्णांक दोन मिलिमीटर. फार मोठा नाही, पण वेळेवर.

सकाळी अकराला सगळे धक्क्यावर जमलो. लाँच बुडाली तेव्हा गेलेल्या सहा जणांच्या घरची मिळून वीस-बावीस माणसं होती. स्मारकाच्या दगडावरची नावं कार्यालयातल्या कारकुनानं वाचली. दादाचं नाव चौथं, आणि दर वर्षी नेमका त्याच नावाला लाउडस्पीकर खरखरतो. आमचा चौकीदार म्हणाला, "लाँचचा मिस्त्री गेला, आता मशीनं कुरकुरणारच." (त्याला सगळे टॉर्च म्हणतात. भर दिवसाही त्याच्या हातात टॉर्च असतो.) सगळ्यांनी छत्र्या उघडल्या होत्या. त्या काळ्या छत्र्यांत एकच पिवळी होती, कुणा लहान मुलीची. मला आपली लहानपणीची चिमणी आठवली. तिची पिवळी छत्री दादानंच आणली होती ना?

एक बातमी आहे. जूनमध्ये इथे आमच्या केंद्रावर पाऊस मोजायचं आपोआप चालणारं मशीन बसणार आहे आणि त्याच महिन्यात मी निवृत्त होतोय. तीस वर्षं रोज सकाळी मोजपात्र डोळ्यांसमोर धरून पाणी बघितलं, आता ते काम एक डबा करणार. म्हणजे पुढच्या एकवीस तारखेला मी मोजायला नसेन. सांगायला असेनच, तुमची हरकत नसेल तर.

बाकी ठीक. चहा अजून दोन कपच होतो, माझा आणि दादाचा. हाताचं माप काही बदलत नाही.

तुमचा,
भाऊजी


९ नोव्हेंबर

भाऊजी,

पत्र पोचलं. म्हणजे याही वर्षी पडला. बरं.

इकडे त्या दिवशी लख्ख ऊन होतं. मी नेहमीसारखी रजा टाकली. आमच्या इस्पितळातल्या कपड्यांच्या खोलीची मुकादमीण म्हणाली, "अकरा वर्षं एकाच तारखेला आजारी पडणारी बाई मी दुसरी पाहिली नाही." मी म्हटलं, "दुखणं इमानी आहे माझं." ती हसली आणि सही केली. मग दिवसभर खिडकी लावून बसले. बाहेर ऊन असलं तरी कान पावसाकडेच लागतात.

चिमणीची लेक तीन वर्षांची झाली. फोटोतल्या आजोबांना लाँचआबा म्हणते. चिमणी मागे लागली आहे, पुढच्या वर्षी तिघी मिळून धक्क्यावर जाऊ. मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही.

तुमची हरकत नसेल तर, असं काय लिहिता? लिहीत जा.

एक विचारायचं होतं. एखाद्या वर्षी पडला नाही, तर मला खरं कळवाल ना? माझ्यासाठी म्हणून काही लपवणार नाही ना?

वहिनी


२६ नोव्हेंबर

वहिनी, नमस्कार.

तुमचा प्रश्न वाचून हसूच आलं. दादा आणि चुकेल? अकरा वर्षांत एकदाही चुकला नाही. पाचव्या वर्षी तर त्याचं नाव घ्यायला आणि सर यायला एकच गाठ पडली. कारकुनाचा कागद भिजला, पुढची दोन नावं त्यानं आठवून सांगितली.

तुम्ही पहिल्या वर्षी उत्तरात एकच ओळ लिहिली होती, आठवते का? "म्हणजे ते विसरलेले नाहीत." ते पत्र मी मोजपात्राच्या खोक्यात ठेवलंय, काचेला धक्का लागू नये म्हणून जो कापूस असतो ना, त्याच्याखाली. दादा गेल्यावर तुम्ही चिमणीला घेऊन शहरात गेलात. पुढे वर्षभर तुमच्याकडून एक शब्द नाही, आणि मग ही ओळ. तेव्हा काळजी करू नका. कोरडं जाईल अशी वेळच येणार नाही.

चिमणी बरोबर म्हणते. या सगळ्या. माझ्याकडे दोन खोल्या आहेत, त्यातली एक रिकामीच असते. झाडून ठेवतो.

भाऊजी


१२ जानेवारी

भाऊजी,

हे पत्र दीड महिना अर्धं लिहून पडलंय. आज संपवते.

ती ओळ तुम्ही जपून ठेवलीत, पण तुम्ही समजता तसा तिचा अर्थ नाही.

त्या दिवशी सकाळी आमचं भांडण झालं होतं. ह्यांना शहरातली बदली मिळत होती. ती ह्यांनी मला न विचारता नाकारली आणि आठ दिवसांनी, मी डबा भरत असताना, सहज सांगितलं. वर म्हणाले, "मला पाण्याशिवाय करमायचं नाही गं." मी डब्याचं झाकण आपटलं आणि म्हणाले, "मग जा, त्या पाण्यातच राहा."

एवढंच म्हणाले, भाऊजी. रागातलं बोलणं. ते डबा घेऊन निघाले. दारातून काहीतरी बोललेही, पण मी मुद्दाम नळ सोडला होता, ऐकू आलं नाही. दुपारी चारला वारा सुटला.

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. चिमणीलाही नाही.

पहिल्या वर्षी तुमचं पत्र आलं. एकवीस तारखेला चौदा मिलिमीटर पाऊस. मला वाटलं, उत्तर आलं. पाण्यात राहा असं मी म्हणाले होते ना, तर हे पाणी होऊन आले. "विसरलेले नाहीत" म्हणजे माझं बोलणं विसरलेले नाहीत.

तेव्हाच मनाशी ठरवलं. ज्या वर्षी एकवीस तारीख कोरडी जाईल, त्या वर्षी त्यांनी मला माफ केलं असं समजायचं, धक्क्यावर यायचं, दगडाला हात लावायचा. तेव्हापासून दर वर्षी तुमचं पाकीट फोडताना मी मनात म्हणते, या वेळी तरी शून्य असू दे. दर वर्षी आकडा निघतो.

चिमणी फोनवर म्हणाली, "तुला बाबांचं काही वाटतच नाही, म्हणून येत नाहीस." आणि फोन ठेवला. नऊ दिवस झाले, तिचा फोन नाही. माझा ती उचलत नाही.

तिला काय सांगू? तुमच्या त्या नव्या मशीनला पुढचं काही कळतं का? एखादं कोरडं वर्ष?

वहिनी


२० फेब्रुवारी

भाऊजी,

तुमचं उत्तर नाही. तब्येत बरी आहे ना?

माझं बोलणं ऐकून तुम्हालाही राग आला असेल, तर तसं लिहा. तुमचे ते सख्खे भाऊ होते. तुमचा हक्क आहे.

वहिनी


३ एप्रिल

वहिनी,

राग आलेला नाही. लाज वाटते आहे. तीनदा लिहिलं आणि तीनदा फाडलं, म्हणून इतका उशीर.

सरळच सांगतो. पाऊस पडत नव्हता.

अकरापैकी तीन वर्षं पडला. तिसऱ्या, चौथ्या आणि आठव्या. उरलेल्या आठ वर्षांत एकवीस तारीख कोरडी गेली. गेल्या ऑक्टोबरात तर इतकं ऊन होतं की त्या छत्र्या उन्हासाठी उघडल्या होत्या. मी तुम्हाला छत्र्या कळवल्या, ऊन कळवलं नाही. पाचव्या वर्षीचा कारकुनाचा भिजलेला कागदही मीच रचलेला.

पहिल्या वर्षीची मात्र चूक होती, खोटं नव्हतं. आमच्याकडे सकाळी साडेआठला पाणी मोजतात, मागच्या चोवीस तासांत साचलेलं, आणि ते मोजलं त्या दिवसाच्या तारखेला लिहितात. म्हणजे वीस तारखेच्या दुपारी पडलेला पाऊस एकवीसच्या रकान्यात बसतो. नव्या माणसाला मी ही गोष्ट पहिल्याच दिवशी शिकवतो. आणि तुम्हाला लिहायला बसलो तेव्हा मीच वहीतला एकवीसचा आकडा बघून उतरवला. पत्र पेटीत टाकून घरी परतताना लक्षात आलं. कळवू कळवू म्हणेपर्यंत तुमची ती ओळ आली. मला वाटलं तुम्हाला आधार सापडला. मग कसं सांगणार, की तो पाऊस आदल्या दिवशीचा होता?

दुसऱ्या वर्षी कोरडं गेलं आणि मी आठ मिलिमीटर लिहिले. पुढे सवय झाली. नोंदवहीत मी तीस वर्षांत एक थेंब खोटा लिहिलेला नाही. खोटं फक्त तुम्हाला लिहिलं. आणि सगळंच तुमच्यासाठी केलं असं म्हटलं तर तेही खोटं होईल. पाऊस कळवला की तुमचं उत्तर यायचं. वर्षातून ते एक पत्र मला हवं होतं.

आता आणखी एक. लाँच बुडाली त्या दिवशी मी वरच्या खोलीवर तापानं पडून होतो. म्हणून त्या सकाळची साडेआठची नोंद दादानं घेतली, लाँचवर जाण्याआधी. वहीत त्याचं अक्षर आहे. शेऱ्याच्या रकान्यात त्यानं काहीतरी लिहिलंय. इतकी वर्षं मी ती थट्टा समजत होतो, माझ्यावर केलेली. तुमचं जानेवारीचं पत्र वाचलं आणि वही पुन्हा काढली.

काय लिहिलंय ते इथे उतरवत नाही. माझ्या उतरवण्यावर तुम्ही आता का म्हणून विश्वास ठेवावा? तुम्ही दादाचं अक्षर ओळखता. पण पंधरा जूनला सगळ्या जुन्या वह्या मुख्य कार्यालयाच्या गोदामात जातील. मग ती मिळणं कठीण.

माफी मागत नाही. मागायची कशी तेच कळत नाही.

भाऊजी


१९ एप्रिल

भाऊजी,

दुसऱ्याच वर्षी कोरडं होतं. म्हणजे मी दुसऱ्याच वर्षी आले असते. चिमणी तेव्हा सोळा वर्षांची होती, रोज विचारायची, बाबांच्या दगडाकडे कधी जायचं. सतराव्या वर्षी तिनं विचारणं बंद केलं. ते आता ती आई झाल्यावर पुन्हा सुरू झालं.

तुम्ही माझं भलं करायला गेलात, हे कळतं मला. कळतं म्हणून नीट रागावताही येत नाही, आणि त्याचाच राग जास्त येतो.

मी फाटलेल्या चादरी शिवते. ठिगळ लावायचं तर आधी भोक किती ते बघावं लागतं. तुम्ही वरून दर वर्षी नवी चादर अंथरत राहिलात. खालची कुठे फाटली आहे, एकदा तरी विचारायचंत. मीही सांगितलं नाही, ते खरं आहे. पण मी खोटा आकडा तरी लिहिला नव्हता.

वहीतलं कुणाच्या तोंडून ऐकायचं नाही. तुम्हाला भेटायचंही नाही. पत्र पाठवू नका.

वहिनी


२ मे

वहिनी,

पाठवू नका म्हणालात तरी हे पाठवतो. फक्त कामापुरतं आहे.

नोंदीच्या खोलीची किल्ली टॉर्चकडे. त्याला सांगून ठेवलंय. डावीकडचं कपाट, वरून दुसरा कप्पा, हिरव्या कापडी बांधणीची वही. पानात सुतळीचा तुकडा घातला आहे. खिडकीजवळची खुर्ची डुगडुगते, दुसरी घ्या. सोमवार ते शनिवार, दहा ते पाच.

त्या वेळात मी खाली पंपघराकडे असतो. तुम्ही आलात तर वर येणार नाही.

भाऊजी


२३ ऑक्टोबर

वहिनी,

यंदाचं कळवावं की नाही, दोन दिवस ठरत नव्हतं. शेवटी लिहायला बसलो, कारण या वेळी लपवण्यासारखं काही नाही.

जूनच्या अकरा तारखेला तुम्ही येऊन गेलात ते टॉर्चनं सांगितलं. एकट्याच आलात, वही घेऊन तासभर बसलात. त्यानं चहाचं विचारलं तर नको म्हणालात. निघताना विचारलंत, "हे लाल शाईतलं कुणी लिहिलं?" तो म्हणाला, "साहेब येतात ना तपासायला, त्यांनी." तेव्हा तुम्ही हसलात, असं टॉर्च म्हणतो. "हसल्या की रडल्या, नीट सांग," मी त्याला चार वेळा विचारलं. शेवटी तो वैतागला. म्हणाला, "आधी हसल्या. मग मी बाहेर गेलो." मी पंपघराच्या खिडकीतून फक्त तुमची पाठ पाहिली, बसथांब्याकडे जाताना.

ते पान मला पाठ आहे, आता तुम्हालाही असेल. "२१ ऑक्टोबर. पाऊस ०.०. आकाश निरभ्र. घरी ढगाळ. संध्याकाळपर्यंत निवळेल." आणि खाली साहेबांची लाल शाई, "शेऱ्यात फक्त केंद्रावरील हवामान लिहावे." घरी ढगाळ म्हणजे मी, तापानं कण्हत पडलेला, अशी माझी इतक्या वर्षांची समजूत. दादा तुमच्याबद्दल लिहीत होता हे माझ्या डोक्यातच आलं नाही. तेव्हाच विचारलं असतं तर तुम्हाला ते बारा वर्षांपूर्वीच मिळालं असतं.

परवा धक्क्यावर तुम्ही होतात, चिमणी होती आणि ती छोटी. मी मागे उभा होतो, दोर बांधायच्या खांबापाशी. तुम्ही मला पाहिलंत की नाही माहीत नाही. पाहून वळल्या नसाल तर तेही बरोबरच आहे. चिमणी दादासारखी चालते हो. डावा खांदा थोडा पुढे.

नावं वाचली. चौथ्याला खरखर झाली. आणि सव्वाअकराला पाऊस आला.

खरा पाऊस. पण हे मी तुम्हाला काय सांगतोय, तुम्ही तर चिंब भिजलात. माणसं आडोशाला धावली. तुम्ही दगडावर हात ठेवून तशाच उभ्या राहिलात. छोटी तुमचा पदर ओढून म्हणाली, "आजी, चल ना, पाऊस आला." तुम्ही म्हणालात, "येऊ दे." एवढं मला ऐकू आलं.

त्या पावसाचा अर्थ मी लावणार नाही. तो उद्योग एकदा करून बसलोय. फक्त आकडा कळवतो. नवं मशीन त्याचे आकडे परस्पर मुख्य कार्यालयाला पाठवतं, म्हणून जुना पर्जन्यमापक मी मागून घेतला आणि माझ्या अंगणात बसवला. काल सकाळी साडेआठला मोजलं. सहा पूर्णांक चार. नियमाप्रमाणे तो आकडा बावीसच्या रकान्यात गेला. एकवीसच्या रकान्यात शून्य आहे.

म्हणजे कागदोपत्री, वहिनी, यंदाची एकवीस तारीख कोरडी गेली. पटत नसेल तर कार्यालयात कुणालाही हा नियम विचारा. माझं नाव घेऊ नका म्हणजे झालं.

रिकामी खोली झाडून ठेवली होती. तुम्ही तिघी संध्याकाळच्या बसनं परत गेलात असं कळलं. ठीक आहे. उत्तर पाठवलंच पाहिजे असं नाही.

भाऊजी


२ नोव्हेंबर

भाऊजी,

कार्डावर जागा थोडी आहे, आणि तेच बरं आहे.

चिमणीला सगळं सांगितलं. नळाचंसुद्धा. ती रडली, मग माझ्यावर चिडली, मग तुमच्यावर, आणि मग जेवायला थांबली.

तुम्ही खांबापाशी होतात ते मी पाहिलं. तुमची छत्री मिटलेलीच होती. या वयात भिजू नका.

पुढच्या एकवीसचा आकडा कळवा. जो असेल तो.

आणि शेऱ्यात हे लिहून घ्या. साहेबांची लाल शाई आता तुम्हाला लागायची नाही.

२ नोव्हेंबर. आकाश निरभ्र. घरी अजून ढगाळ. निवळेल, पण संध्याकाळपर्यंत म्हणत नाही.

वहिनी